साळूबाईची दाढ

भुईपाडा, ता. पेठ
४ नोव्हेंबर १९९८

मीनामावशी,

गाव आणि तारीख वर लिहिली आहे. ती नसली तर तू पत्र न वाचता परत पाठवशील, म्हणून नमस्काराच्याही आधी.

दाताची डॉक्टर झाले तरी इंटर्नशिपचं वर्ष संपेपर्यंत मी अर्धीच डॉक्टर, हे मी तुला पेढे देताना सांगितलं होतं. तू तेव्हा पेढा खात होतीस आणि ऐकत नव्हतीस. तर त्या वर्षातले चार महिने खेड्यात काढायचे असतात, आणि माझ्या वाट्याला भुईपाडा आला. उपकेंद्राची मागची खोली म्हणजे माझा दवाखाना. खुर्ची मागे टेकते, पण परत सरळ होत नाही, त्यामुळे पेशंटला दोन्ही हात धरून उठवावं लागतं. वीज येते, पण माझ्या वेळेला नाही. म्हणून ड्रिलच्या यंत्रावर मी चादर घालून ठेवली आहे. मदतीला अक्काबाई म्हणून इथल्याच एक बाई आहेत. त्या मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "बाई, तुझं वय काय? मंग दात काढायला ताकद कोण लावील?"

कॉलेजातल्या सरांनी मी निघताना एक रजिस्टर दिलं आहे. त्यात पेशंटचं नाव, तक्रार, आणि मग दोन मोठे रकाने, 'निर्णय' आणि 'कारण'. सर म्हणाले, "किती दात काढलेस ते मला नको. का काढलास आणि का नाही काढलास, ते लिही. ५ डिसेंबरला येऊन वाचणार आहे. रजिस्टर रिकामं असलं तर हेच चार महिने पुन्हा पहिल्यापासून."

काल पहिला पेशंट आला, भिका नावाचा. दाढ किडलेली, पण मुळं उत्तम. मी त्याला कागदावर चित्र काढून रूट कॅनाल समजावलं. नाशिकला कॉलेजात चार वेळा जायचं, की दाढ जन्मभर टिकेल. त्याने चित्र उलटं धरून बराच वेळ पाहिलं, "बरं, बाई" म्हणाला आणि गेला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: निर्णय, दाढ वाचवणे.

येऊन दोन दिवस झाले आणि एक दाढ वाचवली सुद्धा. आईला सांग.

तुझी,
भाग्यश्री

*

नाशिक रोड
९ नोव्हेंबर १९९८

चि. भागू,

तारीख पाहून जीव निवला. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा तारीख नसलेलं पत्र तांबड्या रेघेने कापायच्या. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या प्रार्थनेच्या खोलीच्या दारात उभ्या राहायच्या आणि आम्ही रांगेने त्यांना दात दाखवत आत जायचो. ज्या मुलीचे दात स्वच्छ तिच्या कपाळाला त्या बोट लावायच्या. त्यांच्या हाताला निलगिरीच्या तेलाचा वास असे. अजून सर्दी झाली आणि ती बाटली उघडली की मी आधी दात दाखवते, मग नाक पुसते.

भिकाची दाढ वाचवलीस, फार छान केलंस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं मी लोकांना जोडून दिलं, पण तुझ्यासारखं वाचवलं कुणाला नाही.

आता एक विचारते. आमच्या कॉलनीत एक बाई आहेत. चांगल्या शिकलेल्या, नीटनेटक्या. त्यांची खालची उजवी दाढ हलते. म्हणजे जिभेने ढकलली तर बरीच हलते. गेला महिनाभर त्या डाव्या बाजूनेच जेवतात. डॉक्टरकडे का जात नाहीत ते मला माहीत नाही, असतील कामात. तर ती दाढ घट्ट करायला काही चूर्ण वगैरे असतं का? त्यांना कळवायचं आहे. घाई नाही, पण लवकर कळव.

पेठच्या एसटीच्या कंडक्टरकडे चिवड्याचा डबा दिला आहे. माणूस सज्जन दिसला. डबा अर्धा आला तर तसं लिही.

तुझी मावशी

*

भुईपाडा
२० नोव्हेंबर १९९८

मावशी,

डबा पाऊण आला. म्हणजे कंडक्टर बऱ्यापैकी सज्जन.

कॉलनीतल्या बाईंना सांग, इतकी हलणारी दाढ चूर्णाने घट्ट होत नाही. ती जाऊ द्यावी. कॉलेजच्या ओपीडीत दहा मिनिटांचं काम आहे.

माझं मात्र इथे वाईट चाललं आहे. पहिल्या दिवसानंतर दोन आठवडे माझ्या खुर्चीत कोणीच बसलं नाही. माणसं येतात, दारात उकिडवी बसतात, खुर्चीकडे बघतात, तंबाखू मळतात आणि जातात. शेवटी अक्काबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "सांगू का? राग नाय ना धरायची? समदे म्हणत्यात, बाईला दात काढता येत नाय."

"कोण म्हणतं?"

"भिका. तो तुझ्याकडं दाढ घेऊन आला, तू त्याला चितार काढून देलं. तसाच दुखत गेला. मंग बाजारातल्या दात काढणाऱ्याकडून काढून घेतली. आता सांगतो, शिकलेली हाय पोर, पण दात काढायचं अजून शिकवलं नाय तिला."

म्हणजे मी वाचवलेली दाढ चार दिवस सुद्धा वाचली नव्हती. मावशी, मी रजिस्टर उघडून 'वाचवणे' या शब्दाकडे पाहत बसले.

आणि काल, बाजाराच्या दिवशी, साळूबाई आली. तिशीची असेल. तिने आत येऊन खुर्ची हाताने दाबून पाहिली, बसली आणि तोंड उघडून म्हणाली, "ही काढ." खालची मोठी दाढ, वरून खड्डा पडलेला. दारात पंचवीस माणसं. तिचा नवरा लहानू खिडकीतून सगळ्यांना सांगत होता, "आता कळंल येतं का नाय ते."

दाढ अजून भक्कम दिसत होती. पुस्तक म्हणतं, ठेव. गाव म्हणतं, काढ. आणि खरं सांगू, मलाही काढायची होती. तिच्यासाठी नाही, त्या पंचवीस माणसांसाठी. दात काढायची सांडशी हातात घेतली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरले. तिला म्हटलं, पुढच्या गुरुवारी ये. दारातून कोणीतरी म्हणालं, "बघा, म्हटलं नव्हतं का?"

पाच तारखेला सर येणार आणि रजिस्टरमध्ये एकच नोंद, तीही खोटी ठरलेली. काढली तर गाव माझं होईल, रजिस्टर भरेल. पण 'कारण' या रकान्यात काय लिहू?

भाग्यश्री

*

नाशिक रोड
२३ नोव्हेंबर १९९८

चि. भागू,

काढू नकोस. गेलेली दाढ परत येत नाही.

मी उपाय शोधला आहे. साळूबाईला सांग, चार वेळा नाशिकला यायचं ना, तर माझ्याकडे उतर. पुढची खोली रिकामीच असते. शनिवारी यायचं, सोमवारी जायचं, असे चार शनिवार. मी मऊ भात करीन. नवऱ्यालाही आण म्हणावं, त्याला रेडिओ आहे. इतकं सोपं असताना तुला कसं सुचलं नाही?

कॉलनीतल्या बाईंना तुझा निरोप दिला. 'जाऊ द्यावी' हे शब्द त्यांना लागले. एखादी गोष्ट छप्पन्न वर्षं आपल्याजवळ असली की ती हलायला लागली म्हणून लगेच जाऊ द्यावी, असं मला वाटत नाही. म्हणजे त्यांना वाटत नाही.

त्या दहा मिनिटांत दुखतं का, ते तू लिहिलं नाहीस.

मावशी

*

भुईपाडा
२७ नोव्हेंबर १९९८

मावशी,

काल साळूबाई आली. दारात या वेळी चाळीस माणसं होती, आणि एक शेळी.

तुझं आमंत्रण मी तिला शब्दशः सांगितलं. तिने ते दारातल्या लोकांना सांगितलं. सगळे इतके हसले की शेळी बाहेर गेली. मग साळूबाई म्हणाली, "तुझी मावशी लय चांगली हाय. पण चार शनवार मी इथं कुठं असणार? आम्ही मंगळवारी चाललो. पिंपळगावाला, गोरक्षशेठच्या मळ्यात, द्राक्षाच्या कामाला. आता शिमग्यालाच येऊ."

मला हे माहीतच नव्हतं. भात कापून झाला की इथली निम्मी घरं कुलूप लावून बागांवर जातात. भिकाला मी चार फेऱ्या सांगितल्या तेव्हा त्याचीही निघायची तयारी चाललेली असणार. मी त्याच्या दाढेचं सगळं विचारलं होतं, त्याच्या दिवसांचं एक अक्षर नाही.

म्हणून स्टूल ओढून बसले आणि साळूबाईला पहिल्यापासून विचारलं.

"काढायचीच, असं का?"

"तिकडं दुखली त कोण हाय माझं? तोंड सुजवून बसली त मुकादम म्हणंल, उद्यापासून येऊ नको. इथं काढ. इथं मी चार दिस पडून राहीन."

"रात्री ठणकते?"

"नाय. गार पाणी लागलं का झिणझिणती. मंग थांबती."

दाढेवर ठोकून पाहिलं. दुखत नव्हती. म्हणजे आतली नस जिवंत असावी. तेव्हा मला तिसरी वाट दिसली. वीज नको, चार फेऱ्या नकोत. चमच्यासारख्या हत्याराने कीड खरवडायची आणि लवंगेच्या तेलात कालवलेलं सिमेंट भरायचं. एका बैठकीचं काम. बहुतेक वेळा नस शांत राहते. बहुतेक वेळा. हा शब्द मी गिळला नाही, तिला सांगितला. काढली तर नक्की सुटशील, पण नागलीची भाकरी जन्मभर दुसऱ्या बाजूने. भरली तर बहुतेक टिकेल, पण नाही टिकली तर दुखेल तेव्हा तू पिंपळगावात असशील.

तिने जीभ त्या दाढेवर फिरवली. लहानू म्हणाला, "काढ ना, एवढी माणसं आल्यात."

साळूबाई त्याला म्हणाली, "माणसांला काढायची आसंल त त्यांची काढ." मग माझ्याकडे वळून, "भर. पण दुखली त मी पिंपळगावाहून येईन आन तुझी दाढ काढीन."

पाऊण तास खरवडलं. रक्त नाही, ओरडणं नाही. माणसं कंटाळून निघून गेली. अक्काबाई म्हणाल्या, "गर्दी नाराज झाली, बाई."

रजिस्टरमध्ये लिहिलं: निर्णय, भरणे. कारण, मंगळवारी पिंपळगावला जायचं आहे. दंतवैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात हे कारण नाही.

आणि मावशी, कॉलनीतल्या त्या बाईंचं नाव मीना आहे हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. सुईचं दुखतं, डास चावल्याइतकं. मग काही नाही. माझी मैत्रीण सरिता ओपीडीत असते. तिला माझं नाव सांग.

भाग्यश्री

*

नाशिक रोड
२ डिसेंबर १९९८

भागू,

गेले होते. काढली.

डास मोठा होता. बाकी सरिता गोड मुलगी आहे. दाढ मी कागदात बांधून घरी आणली, पाहिली, आणि इतक्या लहान वस्तूसाठी आपण महिनाभर खोटं बोललो याची लाज वाटून फेकून दिली. आज उजवीकडून शेवग्याची शेंग खाल्ली.

साळूबाईची काळजी वाटते. तो 'बहुतेक' मला आवडला नाही.

मावशी

*

भुईपाडा
८ डिसेंबर १९९८

मावशी,

सर येऊन गेले. त्यांच्या आधी पाच दिवसांत चमत्कार झाला. साळूबाईने जायच्या आदल्या दिवशी अख्ख्या आळीसमोर भाजलेले हरभरे त्या दाढेने फोडून दाखवले. दुसऱ्या दिवशी खुर्चीपुढे रांग. जे चालले होते ते म्हणाले, "आम्हालाबी शिमिट भर, शिमग्यापर्यंतचं." काहींना भरलं. तिघांच्या दाढा काढाव्याच लागल्या, त्या काढल्या. मला काढता येतं हे गावाने पाहिलं, पण आता कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

सरांनी सतरा नावं वाचली. साळूबाईपाशी थांबले. "नस जिवंत होती, कशावरून?" मी सांगितलं. "आणि तुझं चुकलं असलं तर?"

"तर ती तिकडे एकटी दुखत बसेल."

"हे भरताना माहीत होतं?"

"हो. तिलाही सांगितलं होतं."

त्यांनी बाकी सगळ्या पानांवर सही केली. या पानावर नाही केली. म्हणाले, "अजून ही केस संपलेली नाही. संपली की कळव."

तेव्हापासून एसटी आली की मी आधी बघते, साळूबाई उतरते का. तुला हसू येईल, पण रोज बघते.

भाग्यश्री

*

नाशिक रोड
१७ फेब्रुवारी १९९९

चि. भागू,

हे पत्र टपालात टाकत नाही, पेठच्या कंडक्टरकडे देते आहे. लगेच वाच.

तू रोज एसटी बघतेस हे वाचून मला दोन महिने नीट झोप नव्हती. आज सकाळी बॅटरी पर्समध्ये टाकली आणि पिंपळगावची बस धरली. गोरक्षशेठचा मळा विचारत विचारत गेले. बागेत वीस-पंचवीस बायका द्राक्षं काढत होत्या, क्रेट भरत होत्या. मी बांधावरून मोठ्याने विचारलं, "भुईपाड्याची साळूबाई कोण? मी तिच्या डॉक्टरीणबाईची मावशी." एक्सचेंजमधला आवाज अजून शाबूत आहे. सगळा मळा थांबला.

साळूबाई आली. म्हणाली, "मऊ भातवाली मावशी का?"

मी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. तुझं सिमेंट जागच्या जागी आहे, पांढरं, गुळगुळीत. मला इतका आनंद झाला की मी तिच्या कपाळाला बोट लावलं. मागे वळून बघते तर आणखी सहा बायका तोंड उघडून रांगेत उभ्या. मी एकेकीच्या तोंडात पाहिलं आणि "हं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण भागू, साळूबाई दोन दिवसांपासून लवंग धरून आहे. दाढ ठणकते. रात्रीसुद्धा. अडीच महिने काही नव्हतं आणि परवा अचानक सुरू झालं. मुकादम म्हणतो, रविवारी सुट्टी आहे, बागेच्या तारा ओढायच्या पकडीने मीच काढतो. ती पकड मी पाहिली. साळूबाई नाही म्हणाली. मुकादमाला म्हणाली, "माझी डॉक्टरीण हाय. काढायची का ठेवायची, ती सांगंल."

मी विचारलं, डॉक्टरीणबाईवर राग आहे का? तर म्हणाली, "तिनं सांगितलं व्हतं ना, बहुतेक म्हणून."

रविवारच्या आत जा.

मावशी

*

भुईपाडा
२२ फेब्रुवारी १९९९

मावशी,

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी हाती आलं, काल गेले होते. शेवटच्या गाडीने परत आले, आज दवाखाना होता, म्हणून तुझ्याकडे थांबले नाही. रागावू नकोस.

पोचले तेव्हा ती शेडमध्ये क्रेटांवर बसून होती. लहानू शेजारी, मुकादम पकड घेऊन जवळच. मी एसटीत पाच तास एकच विचार करत होते, माझं कुठे चुकलं? पाहिल्यावर कळलं. भरण पक्कं होतं, पण खाली नस मेली होती. नोव्हेंबरमध्येच ती बहुतेक आजारी होती, आणि मला ती जिवंत वाटली. आता पू धरला होता.

मी तिला तसंच सांगितलं. "साळूबाई, माझा अंदाज चुकला."

ती गालावर हात ठेवून म्हणाली, "आता काय करायचं ते बोल."

"तूच सांग. अजून किती दिवस इथे?"

"धा दिस. माल संपत आला. मंग शिमगा."

नाशिकला चार फेऱ्या तिच्याने आताही होणार नव्हत्या. पू घेऊन दहा दिवस काम तर मुळीच नाही. "काढू या," मी म्हटलं. ती म्हणाली, "मलाबी तसंच वाटतं."

दोन क्रेट उलटे घातले, त्यावर पोतं. लहानूने तिचं डोकं धरलं. मी सुई दिली, सांडशी लावली, आणि दाढ हलेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बायका काम सोडून भोवती जमल्या होत्या आणि सूचना देत होत्या. "डावीकडं हलव." "अगं, आधी जरा दम घे, पोरी." "लहानू, तू डोळं मिटू नको, तुझी नाय काढत ती." मुकादमाने दोनदा पकड पुढे केली. तिसऱ्यांदा साळूबाईनेच तोंड उघडं ठेवून त्याला लाथ दाखवली. मावशी, एक सांगते, त्या वेळी भोवती किती माणसं आहेत ते मी एकदाही मोजलं नाही.

अर्ध्या तासाने निघाली. दोन्ही मुळांसकट, पूर्ण.

मी तिच्या तोंडात कापूस दिला. माझा पहिला मोठा निर्णय माझ्या हातातल्या सांडशीत होता, आणि तो चुकलेला होता. साळूबाईने हात पुढे केला. मी दाढ तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती पाण्याने धुतली, उन्हात धरली, उलटीपालटी करून नखाने वरचं पांढरं सिमेंट खरवडून पाहिलं. निघालं नाही. तिने लहानूला दाखवलं, मग मुकादमाला.

आणि कापूस गालात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा. बाईचं काम पक्कं हाय. दाढच कच्ची निघाली."

तुझी,
भाग्यश्री